उलट्या वळणाचं पागोटं

चामराजपेटेतल्या व्यंकोजीरावांनी आयुष्यात हजारो डोकी सजवली आणि स्वतःचं मात्र दहा वर्षं उघडं ठेवलं. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. कुणाच्या पोराची मुंज असो, लग्न असो, कचेरीतल्या साहेबाचा निरोपसमारंभ असो, म्हैसुरी पेटा हवा म्हटलं की माणसं तिथंच येणार. पिढीजात काम. त्यांचे पूर्वज बंगळूरला कधी आले ते त्यांनाही धड माहीत नव्हतं; शहाजीराजांबरोबर, एवढंच सांगायचे आणि त्यापुढचं सगळं कन्नडात. घरात मराठी, पण तीही 'स्वल्प थांब' आणि 'सरी, जाऊ दे' अशी कन्नड मिसळलेली. गिऱ्हाईक आलं की उघड्या डोक्याचा हा माणूस त्याच्या डोक्याला मापाची फीत लावायचा, आणि नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं की अण्णा, तुमचा पेटा कुठाय? व्यंकोजीराव हसायचे आणि पेटा बांधायचा लाकडी ठोकळा पुढं ओढायचे. जुनी गिऱ्हाइकं विचारत नसत, कारण त्यांना ठाऊक होतं.

ह्या लोकांत एक रीत आहे. घरात माणूस गेलं की कर्त्यानं डोक्यावर काही घालायचं नाही. तेराव्या दिवशी मयताच्या सासरचं कुणी तरी येतं आणि कर्त्याला पाटावर बसवून पांढरं पागोटं बांधतं. लग्नामुंजीच्या पेट्याच्या घड्या डावीकडून उजवीकडे चढतात, दुखवट्याच्या पागोट्याच्या उजवीकडून डावीकडे. श्राद्धाला जानवं उलट्या खांद्यावर घेतात ना, त्यातलाच प्रकार. लाकडी ठोकळ्यावर बांधून ठेवलेलं पागोटं ह्याला चालत नाही, थेट जिवंत डोक्यावर बांधावं लागतं. शेवटचा पदर खोचला की बांधणारा वाकतो आणि कानात सांगतो, 'अमका गेला. आता त्याचं तू.' म्हणजे त्याची बायकापोरं, त्याची राहिलेली कामं, त्याचं पिंडपाणी, सगळं आजपासून तुझ्याकडे. एवढं झालं की कर्ता उठतो आणि जेवणाची पानं मांडतात.

व्यंकोजीरावांच्या डोक्यावर ते पागोटं चढायचं राहिलं होतं. धाकटा भाऊ गुंडू गेला होता, पण कागदोपत्री गेला नव्हता.

हा गुंडू हाताचा मोठा हुशार. पेटे बांधण्यात त्याचं मन रमेना. कॅन्टोन्मेंटातल्या एका इंग्रज शिंप्याकडे कोट बेतायला शिकला आणि सत्तेचाळीस साली, लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं तोवर, बोटीत बसून समुद्रापलीकडच्या एका देशात दुकान टाकायला निघून गेला. त्या देशाचं नाव मुद्दामच सांगत नाही. तिथल्या साध्या माणसांनी कुणाचं वाकडं केलेलं नाही, आणि ज्यानं केलं त्याचं नाव घेऊन तोंड विटाळायची इच्छा नाही. त्याला आपण नुसतं जनरल म्हणू. लायकीपेक्षा तेही जास्तच आहे.

कलुंबान नावाच्या गावात गुंडूचं दुकान चांगलं चाललं. घर बघितलं की अनुसूयेला, म्हणजे बायकोला, नेणार होता. एक्कावन्न साली त्याचं शेवटचं पत्र आलं. गावात पलटण आली आहे, तिचा कर्नल स्वतः दुकानात आला होता, समारंभाचा पांढरा कोट शिवायला टाकलाय. माणूस हौशी आहे, पण खांदे उतरते आहेत, कापूस भरून सरळ करतोय, कुणाला कळायचं नाही. एवढं मोठं गिऱ्हाईक मिळालं म्हणून गुंडू हरखून गेला होता. अनुसूयेनं ते पत्र डाळीच्या डब्यात ठेवलं, आणि नंतर पत्रंच थांबली.

पाच-सहा महिन्यांनी खानापूरकडचा देवाप्पा नावाचा एक माणूस लंगडत दुकानाच्या पायरीशी आला. कलुंबानच्या एका खाणावळीत तो आचारी होता. त्यानं पाणी मागितलं, प्यायलं, आणि मग खाली मान घालून सांगितलं. बंडखोरांना गावानं तांदूळ दिला असा कर्नलला संशय आला. त्यानं आठवडी बाजाराच्या दिवशी चारही वाटा बंद केल्या. बायका-पोरं शाळेत कोंडली आणि शाळेला आग लावली. पुरुष बाजारात रांगेनं उभे केले. गुंडू हातावर तो पांढरा कोट घेऊन पुढं गेला. त्याला वाटलं, आपण साहेबांचे शिंपी, कोट दाखवला की सोडतील. एका शिपायानं कोट त्याच्या हातातून घेतला, नीट घडी घालून बाजूच्या बाकावर ठेवला, आणि मग गोळी घातली. कोटाला डाग पडू नये म्हणून. मागाहून सगळी प्रेतं गावच्या दोन विहिरींत टाकली. देवाप्पा खाणावळीच्या माळ्यावर होता, तिथून उडी मारून पळताना त्याचा पाय मोडला.

आता सांगा, एवढं ऐकल्यावर तेरावा घालायला काय हरकत होती? पण नाही. अनुसूयेच्या माहेरी एक म्हातारे काका तेवढे उरले होते. ते म्हणाले, प्रेत नाही, तारीख नाही, सरकारचा कागद नाही, एका लंगड्या आचाऱ्याच्या शब्दावर मी माझ्या पोरीला विधवा करू? आणि उद्या जावई दारात उभा राहिला तर? ते काही पागोटं घेऊन आले नाहीत आणि पुढं दोन वर्षांत स्वतःच वारले. मग व्यंकोजीराव कागदाच्या मागं लागले. त्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीला अर्जावर अर्ज गेले. चौथ्या अर्जाला उत्तर आलं, छान जाड कागदावर, सोनेरी शिक्क्याचं. आमच्या दप्तरात कलुंबान इथं कसलीही लष्करी कारवाई झाल्याची नोंद नाही. त्या साली पटकीची साथ होऊन दोनशे चौदा माणसं दगावली, त्यांची नावं उपलब्ध नाहीत, कळावे. अशी ही पटकी! बाजारच्या दिवशी बरोबर अकरा वाजता येते, पुरुषांना बाजारात गाठते, बायकांना शाळेत गाठते, आणि जाताना दाराला कडी लावून जाते.

त्या दप्तरात आणखीही बरंच काही 'नव्हतं'. पुढं कर्नलचा जनरल झाला, जनरलनं राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच वाड्याच्या आवारात फासावर चढवलं आणि त्याच्या खुर्चीत बसला. कोळ्यांच्या वस्त्यांवर विमानांतून बॉम्ब पडले, तर दप्तर म्हणालं वादळ आलं होतं. विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि परत आलाच नाही, तर दप्तर म्हणालं पोरं उच्च शिक्षणासाठी परदेशी गेली. देवाप्पाकडे कधीमधी तिकडून पळून आलेली माणसं यायची, त्यांच्या तोंडून हे कळायचं. बंगळूरच्या वर्तमानपत्रांत मात्र जनरल हसऱ्या चेहऱ्यानं लहान मुलांचे गालगुच्चे घेत असायचा.

इकडं अनुसूया ना सवाष्ण राहिली ना विधवा. हळदीकुंकवाला निम्म्या गल्लीचं बोलावणं येई आणि निम्मी गल्ली तिच्या वाटणीचं वाण सकवारबाईंच्या हाती पाठवून देई. सकवारबाई म्हणजे व्यंकोजीरावांच्या मंडळी. त्या ते वाण आणून गुपचूप फळीवर ठेवत. अनुसूया मागच्या खोलीत बसून पेट्यांची अस्तरं शिवायची. थोरल्या दिरासमोर उभं राहून बोलायची त्या घरात पद्धत नव्हती, त्यामुळं जे काही बोलणं होई ते दाराआडून, आणि तेही मीठ संपलं, पाहुणे आले, एवढंच. पण कपाळावर कुंकू लावताना तिचा हात रोज क्षणभर थांबायचा, हे सकवारबाईंनी दहा वर्षं बघितलं होतं.

आणि एकसष्ट साली काय व्हावं? जनरलची स्वारी बंगळूरला येणार असं जाहीर झालं. मैत्रीचा दौरा. लालबागेत त्याच्या हस्ते झाड लागणार, काचघरात नागरिकांतर्फे सत्कार होणार, चंदनाचा हार, रेशमी शाल आणि म्हैसुरी पेटा. ज्या हातांनी शाळेची कडी लावली त्या हातांनी आता रोप लावायचं. स्वागत समिती नावाची जी काही मंडळी नेमली होती, तिचे चिटणीस भीमाचार्य. गृहस्थ वाईट नव्हते, पण पाहुणा म्हटला की त्यांचं अंग आपोआप कमरेतून वाकायचं. ते सकाळीच दुकानात आले आणि म्हणाले, व्यंकोजीराव, असा मान पुन्हा मिळायचा नाही. मानपत्राचा मसुदाही वाचून दाखवला. त्यात जनरलला 'प्रजेचा पिता' म्हटलं होतं. व्यंकोजीरावांनी ऐकून घेतलं आणि उद्या सांगतो म्हणाले.

नाहीच म्हणणार होते ते. पण संध्याकाळी मधल्या दारापाशी बांगड्या वाजल्या. अनुसूया दाराआडून बोलली, आणि मिठाचं बोलली नाही.

"अण्णा, नाही म्हणू नका. जा. त्याला तोंडावर विचारा, ह्यांचं काय केलंस. काय म्हणेल ते मला येऊन सांगा. मला तेवढं एक ऐकायचंय, मग माझी मी मोकळी."

दहा वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं. व्यंकोजीरावांनी दुसऱ्या दिवशी भीमाचार्यांना होकार कळवला आणि एकच अट घातली की डोक्याचं माप मी स्वतः घेणार. भीमाचार्यांना त्यात कलावंताची निष्ठा वगैरे दिसली.

सत्काराच्या दिवशी सकाळी सरकारी पाहुणेघरात भीमाचार्य त्यांना आत घेऊन गेले. जनरल व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसून पपई खात होता. अंगात बनियन. पदकांचा कोट आत खुंटीवर होता, आणि ती पदकं नसल्यावर उरला होता एक ढेरपोट्या, बारीक मानेचा माणूस. उतरते खांदे. व्यंकोजीरावांची नजर पहिल्यांदा तिथंच गेली. गुंडूनं ह्याच खांद्यांवर कापूस भरला होता.

फीत कपाळाभोवती फिरवता फिरवता ते कन्नडात म्हणाले की माझा भाऊ ह्यांच्या देशात शिंपी होता, त्याचं काय झालं ते विचारा. भीमाचार्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की ह्यांचे बंधू तुमच्या सुंदर देशात राहून आले आहेत. पण कॅन्टोन्मेंटच्या साहेबलोकांची मापं घेऊन घेऊन व्यंकोजीरावांनाही कामापुरतं इंग्रजी येत होतं. ते सरळ जनरलकडे बघून म्हणाले, कलुंबान, एक्कावन्न साल, पांढरा कोट, तो माझ्या भावानं शिवला.

जनरलचा चेहरा उजळला. अरे वा, तो कोट! तसा कोट नंतर कुणी शिवला नाही, म्हणाला, अजून जपून ठेवलाय, फक्त पोटाला बसत नाही. आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

"आणि माझा भाऊ?" व्यंकोजीरावांनी विचारलं.

जनरलनं पपईची फोड बशीत ठेवली आणि तोंड लांबवलं. सराव दांडगा असणार, कारण डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

"पटकी," तो म्हणाला. "फार वाईट साथ होती. रोग पसरू नये म्हणून दोन्ही विहिरी मी स्वतः उभा राहून बुजवून घेतल्या."

ह्याच्या पुढं विचारायचं काय राहिलं? व्यंकोजीरावांनी माप लिहून घेतलं, साडेबावीस इंच. निघताना जनरलनं स्वतःचा सही केलेला फोटो त्यांच्या हातात ठेवला, भावाच्या कुटुंबासाठी म्हणून. दुकानातल्या लाकडी ठोकळ्याचा एक पाय आखूड होता. घरी येताच व्यंकोजीरावांनी फोटोची चौपदरी घडी करून त्या पायाखाली सारली, आणि ठोकळा डुलायचा थांबला. जनरलच्या हातून आजवर झालेलं एवढंच एक उपयोगी काम.

पण दाराआड अनुसूया वाट बघत होती. आणि इथं व्यंकोजीरावांनी कच खाल्ली. विहिरी बुजवल्याचं त्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं? ते म्हणाले, गर्दी फार होती, विचारायला जमलं नाही. ती अस्तरं शिवायला निघून गेली.

व्यंकोजीरावांच्या डोक्यात मात्र आता भलतंच शिजायला लागलं होतं. दुपारी ते भीमाचार्यांकडे गेले आणि म्हणाले, तयार पेटा काय, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा, त्यात शोभा नाही. मी व्यासपीठावर सगळ्यांदेखत, पाहुण्यांच्या डोक्यावरच बांधतो. फोटोवाल्यांना आवडेल. फोटोचं नाव काढल्यावर भीमाचार्य खूष. फक्त तुमचं डोकं उघडं दिसतं ते बरं नाही, म्हणाले. व्यंकोजीरावांनी डॉक्टरांचं नाव पुढं केलं.

काचघर माणसांनी भरून गेलं होतं. बाहेर जनरलचं रोप लावून झालं होतं, म्हणजे माळ्यानं लावलं आणि ह्यानं झारीला हात लावला. मानपत्र वाचलं गेलं. 'प्रजेचा पिता' ह्या शब्दांवर टाळ्या झाल्या. मग व्यंकोजीराव रेशमी जरीचं वस्त्र घेऊन खुर्चीमागं उभे राहिले. जनरलनं मान खाली घातली. अख्ख्या देशाला मान खाली घालायला लावणारा माणूस चामराजपेटेतल्या एका पेटेवाल्यासमोर वाकून बसला होता, आणि त्या पेटेवाल्यानं पहिला वेढा उजवीकडून सुरू केला.

तिसऱ्या ओळीत अप्पासाहेब बसले होते, जातीचे म्हातारे पंच. त्यांच्या हातातला पंखा थांबला. शेजारच्या दोघा म्हाताऱ्यांना त्यांनी कोपरानं ढोसलं. जरी लखलखत होती, फोटोवाल्यांचे दिवे उडत होते, आणि घडीवर घडी उजवीकडून डावीकडे चढत होती, जशी तेराव्याला चढते. भीमाचार्य कौतुकानं बघत होते. व्यंकोजीरावांनी शेवटचा पदर खोचला, वाकले आणि जनरलच्या कानात मराठीत म्हणाले, "गुंडू गेला. आता त्याचं तू."

जनरलला वाटलं, हा आशीर्वाद. त्यानं हात जोडले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तो फोटो छापून आला. सगळ्या शहरानं पेटा बघितला आणि चामराजपेटेतल्या मराठी घरांनी दुखवट्याचं पागोटं बघितलं. स्वयंपाकघरांतून हसू फुटत होतं. अप्पासाहेब काठी टेकत आले आणि व्यंकोजीरावांची पाठ थोपटून म्हणाले, शाब्बास रे, शहाजीराजे गेले पण आपल्या लोकांची खोड गेली नाही. तो म्हणे तिकडं वाड्यात काचेच्या कपाटात ते मिरवणार, स्वतःच्या डोक्यावरचं सुतक! आठवडाभर दुकानात हेच. कुणी कॉफी पाजायला बोलवावं, कुणी पुन्हा पुन्हा कानातलं वाक्य म्हणायला लावावं. व्यंकोजीराव फुलून गेले. दहा वर्षं उरात साचलेलं बाहेर पडल्यासारखं त्यांना झालं. त्यांनी फोटो चौकटीत बसवून देवाच्या तसबिरीशेजारी लावला, आणि आता गुंडूचं पागोटं झालं असं म्हणून एका सकाळी पेटीतली काळी टोपी काढून डोक्यावर घातली.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सकवारबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात डाळ निवडत होत्या. तेवढ्यात मधलं दार पूर्ण उघडलं आणि अनुसूया दुकानात येऊन उभी राहिली, थेट दिरासमोर. चौदा वर्षांत ती त्या खोलीत दिवसाउजेडी आली नव्हती. तिनं आधी भिंतीवरचा फोटो बघितला, मग टोपी.

"टोपी घातलीत, अण्णा?"

व्यंकोजीराव गडबडून उभे राहिले आणि सांगायला लागले की अगं, पागोटं झालं ना गुंडूचं. त्याच्याच डोक्यावर बांधलं. कानात नावसुद्धा सांगितलं.

"काय सांगितलंत?"

"रीतीप्रमाणं. गुंडू गेला, आता त्याचं तू."

ती अगदी सावकाश बोलली.

"दुखवट्याचं पागोटं घरच्या माणसाला बांधतात. तो आपल्या घरचा कोण लागतो? ज्यानं मारलं त्यालाच कर्ता केलंत. माझा माणूस, माझी मी, त्याचं पिंडपाणी, सगळं त्याच्या स्वाधीन करून आलात, आणि गल्लीला हसायला फोटो लावलात."

व्यंकोजीरावांचे हात टोपीकडे गेले आणि टोपी खाली आली. हजारो डोकी बांधलेल्या माणसाला, लहानपणापासून ही रीत बघितलेल्या माणसाला हे सुचलं कसं नाही? अप्पासाहेबांना सुचलं नाही, कुणालाच नाही. चेष्टा करायच्या भरात सगळे एवढंच बघत बसले की जनरलला कळलं नाही. पागोटं अपमानाचं नसतं, भाराचं असतं, आणि तो भार असल्या माणसाला द्यायचा नसतो, हे त्या मागच्या खोलीत अस्तरं शिवणाऱ्या बाईला कळलं. लाजेनं त्यांना वर बघवेना.

"तुम्ही विचारलं होतंत त्याला," अनुसूया म्हणाली. "विचारल्याशिवाय तुम्ही असलं करणार नाही. काय म्हणाला तो?"

आता लपवून उपयोग नव्हता. व्यंकोजीरावांनी पपईपासून सगळं सांगितलं. कोट अजून जपून ठेवलाय हे सांगितलं, पटकी सांगितली. विहिरींचंही सांगितलं. सकवारबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. अनुसूयेचे डोळे कोरडे होते.

"विहिरी बुजवल्या म्हणाला. मी स्वतः उभा राहून, म्हणाला." तिनं ते दोनदा म्हटलं. "म्हणजे देवाप्पा खोटं बोलला नव्हता. झालं. मला हेच ऐकायचं होतं, अण्णा. एवढं सांगायला तुम्ही आठ दिवस घेतलेत."

तिनं भिंतीवरची चौकट उतरवली, फोटो काढून चुलीत घालायला जावेच्या हाती दिला आणि चौकट खुंटीला परत टांगली. मग फळीवरच्या पांढऱ्या मलमलीचा तागा ओढला, हातानं मापून अकरा हात फाडली आणि पाट मांडला.

व्यंकोजीराव पुटपुटले की हे सोयऱ्यांनी बांधायचं असतं, तुझ्या माहेरच्यांनी. आणि धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराच्या डोक्याला हात लावायचा म्हणजे...

"माहेरी आता कुणी उरलेलं नाही," ती म्हणाली. "मीच माझं माहेर. बसा."

ते बसले. तिनं पेट्यांची हजारो अस्तरं शिवली होती, पण बांधला एकही नव्हता. पहिला वेढा सवयीच्या नजरेनं डावीकडूनच गेला. ती थांबली, तो सोडला आणि उजवीकडून सुरुवात केली. घड्या ओबडधोबड आल्या, एक कानावर आली, एक कपाळावर सैल राहिली. एखाद्या गिऱ्हाइकानं असलं पागोटं परतच केलं असतं. व्यंकोजीराव हललेसुद्धा नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि पुसायला त्यांनी हात वर नेला नाही.

शेवटचा पदर खोचून ती पुढं आली. कानात सांगायचं असतं, त्यांनी हळूच आठवण केली.

"कानात कुजबुजण्यातच दहा वर्षं गेली," ती म्हणाली. दुकानाचा दरवाजा उघडा होता, रस्त्यावर माणसं होती. ज्या नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं, ते तिनं रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात घेतलं.

"गुंडू गेला नाही. गुंडूला मारलं. बाजारात, सगळ्यांदेखत, त्या माणसानं. आता त्याचं तुम्ही, आणि मी."

समोरच्या फुटपाथवर दोघं-तिघं थबकले. अनुसूयेच्या कपाळावर कुंकू तसंच होतं, आणि त्याचं आता काय, हे विचारायची छाती ना तेव्हा कुणाची झाली ना पुढं कधी. व्यंकोजीराव पाटावरून उठले. सकवारबाईंनी आत जाऊन पानं मांडली.